गहाण घर आणि झांकली मूठ

वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर, बारीक टाइपांत व काळ्या चौकटींत, एक मजकूर वारंवार छापलेला आढळतो. वर बँकेचें नांव, खालीं कर्जदाराचें व जामीनदाराचें नांव, येणें रकमेचा आंकडा, आणि त्यापुढें घराचा सिटी सर्व्हे नंबर व चतुःसीमा. शेवटीं असें लिहिलेलें असतें कीं, सदरहू मिळकतीचा ताबा बँकेनें घेतला असून आम जनतेनें तिच्यासंबंधीं कोणताही व्यवहार करूं नये. पूर्वीं अशा कामासाठीं गांवांत दवंडी पिटली जात असे. आतां कायद्यानें तें काम वर्तमानपत्रांकडे सोंपविलें आहे. ताबा घेतल्यापासून सात दिवसांच्या आंत दोन प्रमुख पत्रांत, व त्यांपैकीं एका स्थानिक भाषेच्या पत्रांत, ही नोटीस आलीच पाहिजे असा नियम आहे. वाचक हें पान बहुधा उलटून टाकतात. ओळखीचें नांव दिसलें तर मात्र थबकतात, आणि दुसऱ्या दिवशीं पेठेंत कुजबूज सुरू होते. जी नोटीस पत्रें पैसे घेऊन छापतात तिचा अर्थ व तिच्यावरील उपाय वाचकांस मोबदल्यावांचून सांगणें हेंही पत्रांचेंच कर्तव्य आहे असें आम्हांस वाटतें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, गहाण पडलेलें राहतें घर जेव्हां हातचें जातें तेव्हां तें कायद्याच्या कठोरपणानें जितकें जातें त्याहून अधिक कर्जदाराच्या मौनानें जातें. कायदा कडक आहे यांत शंका नाहीं. परंतु त्यांत कर्जदारासाठीं ठेवलेलीं दारेंही आहेत, आणि प्रत्येक दारावर मुदतीची पाटी लावलेली आहे. दार उघडें असतांना तें कोणी ठोठावीत नाहीं. बंद झाल्यावर मात्र धांवाधांव होते. बैल गेला आणि झोपा केला, अशांतला हा प्रकार होय.

हें मौन येतें कोठून? झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण पेठेंतल्या माणसाच्या रक्तांत भिनलेली आहे. व्यापाऱ्याचें भांडवल म्हणजे केवळ दुकानांतला माल नव्हे. त्याची पत हेंच त्याचें मोठें भांडवल. हप्ता थकला ही गोष्ट बाहेर फुटली तर घाऊक व्यापारी उधारी बंद करील, मुलीचें जमलेलें लग्न अडेल, अशी भीति त्यास वाटते. नोकरदाराची अवस्था निराळी नाहीं. मग बँकेचा फोन उचलावयाचा नाहीं, आलेलें रजिस्टर टपाल परत पाठवावयाचें, आणि घरांतल्या माणसांसही कांहीं सांगावयाचें नाहीं, असा क्रम सुरू होतो. पण ज्या अब्रूसाठीं मूठ झांकली ती अब्रू अखेरीस ताब्याच्या नोटिशीनें दोन वर्तमानपत्रांतून जाहीर होते! नोटीस न घेतल्यानें ती टळते हाही निव्वळ भ्रम आहे. ती घराच्या दारावर चिकटवून व पत्रांत छापून बजावण्याची तजवीज नियमांतच केलेली आहे.

प्रथम धनकोची बाजू न्यायानें मांडली पाहिजे. बँक जो पैसा कर्जाऊ देते तो तिचा स्वतःचा नसतो. पेन्शनरांचा, विधवांचा, लहान दुकानदारांचा ठेवींतला पैसा असतो. २००२ पूर्वीं गहाण मिळकत विकावयाची म्हणजे बँकेस बहुधा दिवाणी कोर्टांत, किंवा १९९३ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या कर्जवसुली न्यायाधिकरणांत, वर्षानुवर्षें झगडावें लागे. म्हणून २००२ सालीं संसदेनें, पुढें सरफेसी या नांवानें प्रसिद्ध झालेला कायदा केला. त्यानें कोर्टाची पायरी न चढतां तारण ताब्यांत घेऊन विकण्याचा अधिकार बँकांस मिळाला. या कायद्यास आव्हान दिलें गेलें तेव्हां २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायदा वैध ठरविला. परंतु दाद मागण्यापूर्वीं कर्जदारानें येणें रकमेच्या शेंकडा ७५ रक्कम आधीं भरावी, ही जाचक अट रद्द केली, आणि कर्जदाराच्या हरकतींचा बँकेनें विचार केलाच पाहिजे असें सांगितलें. सहकारी बँकांस हा कायदा लागू आहे कीं नाहीं याचा घोळ पुष्कळ दिवस चालला होता; तो कोल्हापूर जिल्ह्यांतील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यांत २०२० सालीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें, लागू आहे असा निकाल देऊन संपविला.

आतां मुदतींचा हिशेब मांडूं. हप्ता थकून ९० दिवसांहून अधिक काळ लोटला म्हणजे कर्ज अनुत्पादक, बँकेच्या बोलींत ‘एन्.पी.ए.’, ठरतें. त्यानंतर बँक कायद्याच्या १३ व्या कलमाखालीं ६० दिवसांची मागणी-नोटीस देते. ती मुदत संपल्यावरच ताबा घेण्याचा अधिकार उत्पन्न होतो. म्हणजे पहिला हप्ता थकल्यापासून निदान दीडशें दिवस कर्जदाराच्या हातीं असतात. पांच महिने हा लहान काळ नव्हे. घर वांचावयाचें असेल तर तें बहुधा याच पांच महिन्यांत वांचतें.

यांपैकीं पहिले ९० दिवस सर्वांत मोलाचे होत. या काळांत कर्जदारानें स्वतः बँकेंत जावें, आणि तोंडी विनवणीवर न थांबतां लेखी अर्ज देऊन त्याची पोंच घ्यावी. नोकरी गेली, धंदा बसला, घरांत मोठें आजारपण आलें, जें कारण असेल तें कागदपत्रांसह लिहावें. मुदत वाढवून हप्ता कमी करावा, अथवा कांहीं महिन्यांची सवलत द्यावी अशी नेमकी मागणी करावी. बँकेनें ती मान्य केलीच पाहिजे असा हक्क नाहीं. पण अनुत्पादक ठरलेल्या कर्जापेक्षां चालू कर्ज सांभाळणें बँकेच्याही हिताचें असतें. व्याजाचा दर बदलता असेल तर व्यक्तीच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार घेतां येत नाहीं. म्हणून दुसऱ्या बँकेचा दर कमी असल्यास, खातें बिघडण्यापूर्वीं, कर्ज तिकडे नेण्याचा मार्गही मोकळा असतो. दंडाची आकारणी तपासावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशान्वयें थकबाकीवर दंड-व्याज लावून तें मुद्दलांत मिळविण्याची रीत बंद झाली आहे. कर्ज घेणारा मिळवता माणूस मृत्यु पावला असेल, तर कर्जाबरोबर विमा उतरविला होता काय हें कुटुंबानें सर्वांआधीं पाहावें. दुःखाच्या भरांत हा कागद पेटींतच राहतो, आणि ज्या घराचें कर्ज विम्यानें फिटलें असतें तें घर लिलावाच्या वाटेला लागतें.

घर गहाण ठेवून कारखाना चालविणाऱ्या लघु उद्योजकांसाठीं आणखी एक दार आहे. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचें खातें अनुत्पादक होण्यापूर्वींच त्यांच्या अडचणीचा विचार एका समितीनें करावा अशी चौकट केंद्र सरकारनें २०१५ सालीं घालून दिली. २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती बँकांवर बंधनकारक असल्याचें सांगितलें. पण त्याच निकालांत, उद्योजकानेंही वेळींच जागें होऊन कागदपत्रांसह ती मागितली पाहिजे, असें बजाविलें. निव्वळ खरेदीविक्री करणाऱ्या व्यापाऱ्यानें मात्र ही सवलत आपणांस लागू आहे असें गृहीत धरूं नये; त्यानें आपल्या बँकेकडे लेखी चौकशी करावी.

साठ दिवसांची नोटीस हातीं आली म्हणजे ती कपाटांत न टाकतां त्याच आठवड्यांत जाणत्या वकिलास दाखवावी. नोटिशींत येणें रकमेचा तपशील व तारण मिळकतीचें वर्णन असलेंच पाहिजे. रक्कम चुकीची असेल, भरलेले हप्ते वजा नसतील, तर हरकत लेखी कळवावी; अशा हरकतीचा विचार करून, ती अमान्य असल्यास कारणांसह उत्तर १५ दिवसांच्या आंत देणें बँकेवर कायद्यानें बंधनकारक आहे. कर्जदार गप्प बसला तर बँकेवर हें उत्तर देण्याचें ओझें पडतच नाहीं. कायदा कोणत्या तारणास लागू नाहीं हेंही ध्यानांत ठेवावें: शेतजमीन, एक लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाचें तारण, आणि ज्या कर्जांत येणें बाकी मुद्दल व व्याजाच्या शेंकडा २० पेक्षां कमी उरली आहे तें कर्ज, हीं या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. वीस वर्षें हप्ते भरून शेवटच्या दोन वर्षांत अडखळलेल्या माणसास हें शेवटचें कलम ठाऊक असणें अगत्याचें आहे.

बँकेनें ताब्याचें पाऊल उचललें म्हणजे तेथून ४५ दिवसांच्या आंत कलम १७ अन्वयें कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करतां येतो. नोटीस नियमाप्रमाणें बजावली नाहीं, हरकतींस उत्तर दिलें नाहीं, मूल्यांकन योग्य केलें नाहीं, अशा मुद्द्यांचा विचार तेथें होतो. बँकेची कृति बेकायदा ठरली तर ताबा परत मिळतो व नुकसानभरपाईही मागतां येते. येथें दोन गोष्टींचा इशारा देणें जरूर आहे. पहिली, दिवाणी कोर्टांत जाऊन मनाईहुकूम आणण्याची जुनी वाट या कायद्यानें बंद केलेली आहे. आणि न्यायाधिकरणाचा मार्ग सोडून थेट उच्च न्यायालयांत रिट अर्ज करण्याच्या प्रघाताबद्दल सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं स्पष्ट नापसंती दाखविली आहे. चुकीच्या दाराशीं बसण्यांत ४५ दिवस निघून गेले म्हणजे खरें दारही लागतें. दुसरी, न्यायाधिकरणाच्या निकालावर अपील करावयाचें तर येणें रकमेच्या निम्मी, व अपील न्यायाधिकरणानें कृपा केली तरी निदान चौथाई रक्कम, भरावी लागते. म्हणून जी लढाई द्यावयाची ती पहिल्याच पायरीवर पुऱ्या तयारीनें द्यावी. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण अन्यत्र कितीही खरी असो. येथें जो योग्य पायरी योग्य वेळीं चढत नाहीं तो शहाणा ठरत नाहीं.

रक्कम भरून घर सोडवून घेण्याचा हक्क हा गहाणाच्या कायद्याचा प्राण समजला जातो. पण त्याचीही मुदत आखूड झाली आहे. पूर्वीं विक्रीचा ठरलेला दिवस येईपर्यंत पैसे भरतां येत. २०१६ च्या दुरुस्तीनें ही मर्यादा लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंत मागें आणली, आणि २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. ‘लिलावाच्या दिवशीं भाऊबंद मिळून पैसे उभे करूं’ अशा भरंवशावर जे बसतात त्यांनीं हें नीट वाचावें. लिलावापूर्वीं मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत ठरविली पाहिजे व कर्जदारास ३० दिवसांची नोटीस दिली पाहिजे, असा नियम आहे. आणि विक्रीतून बँकेचें येणें व खर्च भागून जें उरेल तें कर्जदाराचें आहे; तें मागून घ्यावें. घर राखणें खरोखरीच अशक्य दिसत असेल, तर बँकेची लेखी संमति घेऊन स्वतःच गिऱ्हाईक पाहणें हें लिलावाची वाट पाहण्यापेक्षां बहुधा फायद्याचें असतें. मात्र ६० दिवसांची नोटीस आल्यावर अशा संमतीवांचून घर विकतां किंवा भाड्यानें देतां येत नाहीं.

धनको बँक नसेल तर दारही बदलतें. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या १०१ व्या कलमाखालीं निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळविते; तेथें सुनावणीच्या वेळींच हजर राहून हिशेबाची तक्रार मांडली पाहिजे, कारण दाखला निघाल्यावर फेरतपासणी अर्जासाठीं निम्मी रक्कम भरावी लागते. खाजगी सावकार कर्जाच्या बदल्यांत गहाणखताऐवजीं सरळ खरेदीखत लिहून मागतो, तो सांपळा तर शंभर वर्षांहून जुना आहे. ‘पैसे दिले कीं घर परत’ या तोंडी वचनावर खरेदीखतास सही करूं नये. बेकायदा सावकारींत कोणी मिळकत गमावली असेल तर महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ प्रमाणें जिल्हा निबंधकाकडे तक्रार करतां येते, आणि चौकशीअंतीं मिळकत परत देण्याचा हुकूमही होऊं शकतो.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल, वकिलास द्यावयास पैसे असते तर हप्ताच नसता का भरला? प्रश्न योग्य आहे, व त्याचें उत्तरही आहे. विधि सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणें प्रत्येक जिल्हा न्यायालयांत मोफत कायदेशीर मदतीचें कार्यालय आहे व तालुक्यांतही समिति आहे. स्त्रिया, अनुसूचित जाति-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार, अपंग, आणि ठराविक उत्पन्नाच्या आंतील कोणीही, यांस तेथें फुकट वकील मिळतो. स्त्रियांस तर उत्पन्नाची अटही नाहीं. ही मदत न्यायाधिकरणापुढील कामासही मिळूं शकते. १५१०० या क्रमांकावर फोन केल्यास प्राथमिक माहिती मिळते. लोकअदालतींत दावा दाखल होण्यापूर्वींही तडजोड घडवितां येते. वसुली एजंट सकाळीं ८ पूर्वीं किंवा सायंकाळीं ७ नंतर फोन करून सतावीत असेल, बँक हिशेब देत नसेल, तर प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जातां येतें. गृहकर्ज कंपन्यांविरुद्धची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे करावी लागते. लोकपाल लिलाव थांबवील अशी आशा मात्र धरूं नये; तें त्याचें काम नव्हे. आणि ‘कर्ज माफ करून देतों, आगाऊ इतके द्या’ म्हणणारे जे मध्यस्थ फिरतात त्यांस उंबऱ्याबाहेरच ठेवावें. बुडत्याच्या हातीं ते काडीही देत नाहींत. त्याच्या अंगावरचा अखेरचा कपडा मात्र काढून घेतात.

घरांतल्या मौनाविषयीं दोन शब्द अधिक लिहितों. कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून पत्नीची सही घेतलेली असते. ‘येथें सही कर’ याखेरीज तिला कांहीं सांगितलेलें नसतें. घर ज्या दिवशीं जातें त्या दिवशीं तिचा संसार रस्त्यावर येतो, पण हप्ता थकल्याची बातमी तिला शेजारणीकडून कळते. मोफत वकील मिळण्याचा अधिकार जिला निरपवाद आहे तिलाच अंधारांत ठेवणें हा अन्याय तर आहेच, शिवाय तो मूर्खपणाही आहे. त्याचप्रमाणें भावासाठीं, मेहुण्यासाठीं, भागीदारासाठीं जामीन राहणाऱ्यांनींही आपण शब्द देत नसून घर देत आहों हें समजून सही करावी.

कर्जदारास मदत करावी ही कल्पना परकी नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचा दंगा उसळला आणि पुणें व नगर जिल्ह्यांतील गांवोगांव सावकारांचे रोखे जळूं लागले. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कोर्टानें रोख्यावरील आंकड्यावर न थांबतां कर्जाचा मुळापासूनचा हिशेब उकलून पाहावा, हप्ते बांधून द्यावेत, आणि दावा करण्यापूर्वीं सलोखा करणाऱ्या पंचापुढें दोन्ही पक्षांनीं यावें, अशी योजना त्यांत होती. न्यायमूर्ति रानडे यांनीं या कायद्याखालीं स्पेशल जज्ज म्हणून काम केलें. अमेरिकेंत १९३३ सालीं मंदीनें लाखों घरें लिलावांत निघूं लागलीं, तेव्हां तेथील सरकारनें एक महामंडळ काढून सावकारांचीं गहाणें विकत घेतलीं, आणि घरमालकांस शेंकडा ५ व्याजानें, १५ वर्षांच्या हप्त्यांनीं नवीं कर्जें दिलीं. सुमारें दहा लाख कुटुंबांस अशीं कर्जें मिळालीं. त्यांतील सुमारें दोन लाख घरें पुढें महामंडळासही ताब्यांत घ्यावीं लागलीं, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या ठरविणारे नकाशे काढण्याचा डागही त्याच महामंडळाच्या नांवावर आहे. तरीपण उरलेलीं आठ लाख घरें राहिलीं ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

या अनुभवावरून आम्ही चार सूचना करतों. पहिली, मागणी-नोटीस कर्जदाराच्या भाषेंत असावी. इंग्रज जाऊन पाऊण शतक लोटलें, पण राहत्या घरावरून हात काढण्यास सांगणारा कागद बहुधा अजून इंग्रजींतच येतो. बिगर-बँकिंग कंपन्यांनीं कर्जदारास समजेल त्या भाषेंत पत्रव्यवहार करावा असें रिझर्व्ह बँकेनें सांगितलेंच आहे. तोच नियम कायद्याच्या या नोटिशीस स्पष्ट शब्दांत लागू करावा. दुसरी, त्याच नोटिशीच्या तळाशीं जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाचा पत्ता व फोन छापणें सक्तीचें करावें. ज्या कागदानें माणूस घाबरतो त्याच कागदावर मदतीचा पत्ता असला पाहिजे. तिसरी, कुटुंबाच्या एकुलत्या एक राहत्या घराच्या बाबतींत ताब्यापूर्वीं सलोख्याची एक बैठक आवश्यक असावी. चौथी, महाराष्ट्रांत कर्जवसुली न्यायाधिकरणें मुंबई, पुणें, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथेंच आहेत. गडचिरोलीच्या किंवा सावंतवाडीच्या माणसानें राहतें घर वांचविण्यासाठीं कोठवर धांवावें? त्यांचीं फिरतीं अधिवेशनें जिल्ह्याच्या ठिकाणीं भरावींत.

सरकार हें करील तेव्हां करील. तोंपर्यंत आपल्या हातचें काम आपण कां करूं नये? प्रत्येक तालुक्याच्या गांवीं वकीलमंडळ आहे, व्यापारी संघ आहे, सार्वजनिक वाचनालय आहे. वाचनालयाची एक खोली, आठवड्यांतून एक सायंकाळ, एक तरुण वकील व हिशेब जाणणारा एक निवृत्त बँक कर्मचारी, एवढ्या सामग्रीवर गहाण घरांचें सल्लाकेंद्र उभें राहूं शकतें. त्यास देणग्यांचे डोंगर नकोत. तेथें येणाऱ्याचें नांव बाहेर फुटणार नाहीं, एवढा विश्वास मात्र पाहिजे. कारण मूठ उघडावयाची ती कोणापुढें, हाच कर्जदाराचा खरा प्रश्न असतो.

ज्या वाचकाच्या घरीं अशी नोटीस आज पडून असेल त्यास आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, तिच्यावरील तारीख प्रथम पाहा, आणि त्या तारखेपासून किती दिवस उरले तें बोटांवर मोजा. मग आज रात्रीं ती नोटीस घरांतल्या माणसांपुढें ठेवा, आणि उद्यां कचेऱ्या उघडतांच ती घेऊन बाहेर पडा. कर्ज होणें हा गुन्हा नव्हे. मुदत संपेपर्यंत गप्प बसण्याची शिक्षा मात्र सर्व घरास भोगावी लागते.